पाच सेकंदांचा दरवाजा

“आलं काय रे?”

निला हे दारातूनच विचारायची, चपला काढायच्याही आधी.

“नाही गं,” मी म्हणालो.

आलं नव्हतं हे खरंच होतं. का आलं नव्हतं, ते मात्र मला त्या सोमवारी सकाळी साडेदहाला कळलं होतं, आणि आता वाजले होते अकरा.

वीस वर्षं होत आली त्याला. रत्नागिरीत बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ऑफिस होतं, जहाजांवर माणसं पाठवणारी एजन्सी. मालक शिर्धनकर. तीस वर्षं जहाजावर सारंग म्हणून खलाशांवर आवाज चढवून निवृत्त झालेले, म्हणून सगळं गाव त्यांना सारंगकाका म्हणायचं. ऑफिसात ते, त्यांचा आवाज आणि मी. मी म्हणजे जयवंत नागवेकर, वय सव्वीस, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. एजन्सीची एक वेबसाइट होती. समुद्रावरच्या जहाजातून उपग्रहाच्या फोनवरून माणसांची पत्रं एका गठ्ठ्यात तिच्यावर यायची, मी ती छापायचो आणि घरचे येऊन न्यायचे. जहाजावरच्या कॉम्प्युटरात देवनागरी नसे, म्हणून मराठी पत्रं इंग्रजी अक्षरांत यायची. ज्या आयाबायांना ती अक्षरं लागत नसत त्यांना मी वाचूनही दाखवायचो. ‘आई, तुला नमस्कार’ हे त्या काळात मी इतक्या आयांना म्हटलंय, की सख्ख्या आईला कधी म्हटलं नसेल.

निला आमच्याच गावची, भाट्याची. तिच्या घराच्या आणि आमच्या घराच्या मध्ये फक्त एक दगडी गडगा. तिने हुकूम सोडावेत आणि मी ते झेलावेत ही आमची वाटणी पहिलीपासूनची. ती मला आवडायची, हे काय वेगळं सांगायचं! तिला ते सांगायचं मी ठरवत होतो. ठरवता ठरवता आठ वर्षं गेली आणि तिचं लग्न ठरलं, त्यात तिची काय चूक? नवरा रोहिदास पिलणकर, रत्नागिरी शहरातला, रत्नशलाका नावाच्या जहाजावर तिसरा इंजिनियर. सरळ, हसतमुख माणूस. जरा वाईट असता तर माझं फार सोपं झालं असतं.

लग्नाला चौदा महिने झाले होते आणि त्यातले एक्केचाळीस दिवस तो घरी होता. हा आकडा मला तिनेच सांगितला होता. आता रत्नशलाका लोखंडाची माती भरायला गुरुवारी गोव्याला, मुरगाव बंदरात लागणार होती. अधिकाऱ्याला पुढच्या फेरीवर बायकोला सोबत नेता यायचं, फक्त कप्तानाची लेखी मंजुरी लागायची. ती यायची आमच्याच साइटवर, पत्रांच्या गठ्ठ्यातून. ती आली की सारंगकाका गोव्याच्या एजंटाला नाव कळवणार आणि निला सात महिने नवऱ्याबरोबर जाणार. रोहिदासने निघताना सांगितलं होतं, मी मंजुरी मागतो, तू बॅग भरून ठेव. बॅग भरलेली होती. पण गेल्या अकरा दिवसांत त्या जहाजावरून एक ओळ आलेली नव्हती.

“काही कप्तान देत नाहीत मंजुरी,” सारंगकाका आतून ओरडले. “आणि नवऱ्याने मागितलीच नसेल, तर मग विषयच संपला.”

“काका!” मी म्हणालो.

“अरे, मी काय तिला घाबरवतोय? जे असतं ते सांगतोय.”

निला हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून ती बसली.

आता अकरा दिवसांपूर्वी मी काय करून ठेवलं होतं ते सांगतो. तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे माणसांच्या लग्नाच्या तारखा निघायला लागतात. कोणाचा मुलगा जहाजावरून कधी उतरणार हे बघायला साइटवर नुसती झुंबड. एकेक जण जोडणी धरून बसायचा आणि बाकीच्यांना पान उघडेना. आमचा सर्व्हर जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालणारा. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत कनेक्टर म्हणून एक भाग असतो. बाहेरून येणारा प्रत्येक जण त्या दारातून आत येतो. कुठल्या पोर्टवर यायचं, एका वेळी किती जणांना घ्यायचं आणि आलेला माणूस मध्येच गप्प झाला तर त्याची किती वेळ वाट बघायची, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. वाट बघायचा आकडा वीस सेकंदांचा होता. मी तो पाचावर आणला. साइट पळायला लागली. सारंगकाकांनी त्या दिवशी चहाबरोबर भजीपण मागवली.

आणि सोमवारी सकाळी, हाताला काही काम नाही म्हणून, मी सर्व्हरचा लॉग उघडला. कोण आलं, कधी आलं, कधी गेलं याची ती नोंद. बघतो तर त्यात रत्नशलाका रोज तीनदा! सकाळी, दुपारी तीन-दहाला आणि संध्याकाळी. यायची, गठ्ठ्याचा थोडा भाग द्यायची, मग भर दर्यातली ती लाइन सात-आठ सेकंद अडखळायची. आणि माझा सर्व्हर पाचव्या सेकंदाला दार लावून मोकळा! आमची बाकीची दोन जहाजं बंदरात होती, त्यांची लाइन चांगली. रत्नशलाकेवर आमची आणखी दोनच माणसं होती आणि त्यांच्या घरचे महिन्यातून एकदा फिरकायचे. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आकडा वाढवायचा, सर्व्हर बंद करून परत चालू करायचा. दोन मिनिटांचं काम. मी फाइल उघडलीसुद्धा.

मग वाटलं, हे केलं की संध्याकाळी पत्रं येणार. बुधवारी ही जाणार. लग्न झाल्यापासून मी तिला धड दोनदा पाहिलं नव्हतं, आणि गेले अकरा दिवस ती रोज येत होती, तासतासभर समोर बसत होती. खोटं कशाला बोलू, सकाळी मी दाढी करून यायला लागलो होतो. फाइल मी बंद केली. उद्या करू म्हटलं, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?

मंगळवारी ती आली ती डब्यात घावन घेऊन. नारळाच्या रसातले.

“तुला आवडतात ना अजून?” तिने विचारलं. “का आता शहाणा झालास?”

“शहाणा झालो असतो तर या खुर्चीत असतो का?”

मग गप्पा निघाल्या. आमचे गणिताचे मास्तर, ज्यांना ती त्यांचं तोंड फळ्याकडे असताना नावं ठेवायची आणि मार मी खायचो. एसटी चुकली म्हणून आम्ही भाट्यापर्यंत चालत गेलो होतो तो दिवस. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. मी इतका सुखी होतो त्या दुपारी, की मला माझीच भीती वाटली.

“जयवंता,” ती एकदम म्हणाली, “तुमच्या या मशीनमध्येच काही बिघाड नसेल ना रे? काहीतरी करून बघ ना.”

“काहीही करायचं तर सर्व्हर बंद करावा लागतो,” मी म्हणालो. “आणि आज अवस.”

सारंगकाकांचा नियम होता तो. अमावास्येला चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. जहाजावरही नाही आणि ऑफिसातही नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर अवस ते लाल पेनाने घेरून ठेवायचे. ही अवस मंगळवारी दुपारी लागून बुधवारी दुपारी चारला सुटत होती. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. पण निला भाट्याची, अवसेला होडी न लोटणाऱ्या घरातली. तिने मुकाट मान डोलावली.

“उद्या सुटेल ना?”

“चारला.”

तेवढ्यात तीन वाजून दहा मिनिटं झाली आणि पडद्यावर लॉगची नवी ओळ उमटली. मी खिडकी बंद करायच्या आत ती पुढे वाकली.

“हे काय रे? रत्नशलाका लिहिलंय बघ!”

“ते होय? ते रोजचंच.”

“रोजचं म्हणजे?”

“लाइन चालू आहे का ते तपासतात.” माझ्या तोंडून हे इतकं सहज गेलं, की मीच चाट पडलो.

निला हळूहळू मागे झाली.

“म्हणजे लाइन चालू आहे,” ती म्हणाली. “मी आपली समजत होते, लाइनच बंद असेल. देवाला तेच सांगत होते, लाइन बंद असू दे. लाइन चालू असून अकरा-बारा दिवस माणूस एक शब्द लिहीत नाही म्हणजे...”

डबा न घेताच ती उठून गेली. उरलेले घावन मी झाकून ठेवले. संध्याकाळी रत्नशलाका परत आली आणि पाचव्या सेकंदाला परत गेली. मी बघत बसलो.

बुधवारी दोन वाजता निला आली तेव्हा तिने दारातून काही विचारलं नाही. खुर्चीत बसली आणि वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं.

“हे इंग्रजी अक्षरांत टाइप कर आणि त्याला पाठव. त्याचं आल्याशिवाय लिहायचं नाही म्हणून इतके दिवस थांबले होते. इथून पाठवलेलं पोचतं ना?”

“पोचतं. जहाज जोडलं की घेऊन जातं, एवढीशीच ओळ असते.”

“मग पाठव.”

मी टाइप करायला लागलो. ‘रोहिदास, तू मंजुरी मागितली नाहीस हे कळलं. राग नाही. बॅग रिकामी केली. तुला एकट्याला बरं वाटत असेल तर तसं राहा. मी यापुढे भाट्याला आईकडेच राहीन. परत विचारणार नाही.’

भाट्याला राहीन. म्हणजे गडग्यापलीकडे. रोज सकाळी अंगणात. लहानपणापासून मी देवाकडे जे मागत होतो, ते असं वहीच्या पानावर तिच्या अक्षरात माझ्यासमोर आलेलं, आणि मी फक्त ते पाठवायचं होतं.

“थांब रे,” निला म्हणाली. “‘राग नाही’ हे खोडू का? राग आहे मला. खूप आहे. पण राग आहे असं लिहिलं तर तो तिकडे एकटा बसून वाईट वाटून घेईल. जेवायचा नाही मग. राहू दे. तसंच राहू दे.”

माझे हात कीबोर्डवरून खाली आले. काय झालं मला ते नीट सांगता येणार नाही. लाज वाटली, एवढंच म्हणतो. ती एवढी दुखावली गेली होती आणि तरी त्याच्या जेवणाची काळजी करत होती, आणि मी काल तिच्या डब्यातले घावन खाल्ले होते.

मी तिचं पत्र तसंच सोडलं. कनेक्टरची फाइल उघडली, पाच सेकंदांचे एकशेवीस केले आणि सर्व्हर बंद करून परत चालू केला.

आतून सारंगकाकांची आरोळी आली. त्यांच्या पडद्यावरचं पान गेलं होतं.

“कोणी रे हात लावला मशीनला? अवस सुटली नाय अजून!”

“मी लावला, काका. रत्नशलाकेची पत्रं माझ्या सेटिंगमुळे अडकली होती. रोज तीनदा येत होती आणि परत जात होती.”

काका दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, निलाकडे बघितलं.

“मग सांगायचं नाय होय मला? मेल्या, अवसेचा नियम तू उगाच खुडबुड करू नयेस म्हणून केला मी! लोकांची पत्रं अडकल्यावर कसली अवस नि कसलं काय? भर अवसेला वादळात इंजिन उघडलंय आम्ही. एका शब्दाने विचारलं असतंस, तर कालच कर म्हटलं असतं.”

निलाने माझ्याकडे बघितलं.

“कधी कळलं तुला?”

“सोमवारी.”

“सोमवारी मी इथे बसले होते.”

“हो.”

“काल पडद्यावर मला दिसलं, ते तपासायचं नव्हतं. त्याचं पत्र होतं.”

“हो.”

“का रे?”

काकांनी खिसे चाचपले, काडेपेटी कुठे गेली असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर निघून गेले.

“तू रोज येत होतीस,” मी म्हणालो.

तिने मान फिरवली. मग खुर्ची पडद्याकडे वळवून ती दुपारच्या गठ्ठ्याची वाट बघत बसली. तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर रत्नशलाका आली. गठ्ठा थोडा आला आणि अडकला. नऊ सेकंद, दहा, अकरा. निला खुर्चीची दांडी धरून उभी राहिली. मग ओळ पुन्हा हलली. असा अडखळत, थांबत, अर्ध्या तासाने सगळा गठ्ठा आला. रोहिदासची चौदा पत्रं होती. सगळ्यांत जुन्या पत्राला कप्तानाची मंजुरी जोडलेली, बारा दिवसांपूर्वीच्या तारखेची. शेवटच्या दोन पत्रांत त्याने एकच विचारलं होतं, ‘तू का लिहीत नाहीस? माझं काही चुकलं का?’

काकांनी गोव्याला फोन लावला. नाव कळवलं गेलं. गोव्याच्या साडेपाचच्या एसटीला अजून वेळ होता. निलाने छापलेली पत्रं नीट जुळवून छातीशी धरली आणि दाराशी गेली. चपला घातल्या.

“जयवंता,” ती म्हणाली, “तू नुसतं ये म्हणाला असतास, तर मी तशीही येऊन बसले असते रे. आपण काय परके होतो?”

आणि ती गेली. तिचं ते अर्धं टाइप केलेलं पत्र पडद्यावर तसंच होतं, ते मी पुसलं.

दोन आठवड्यांनी रत्नशलाकेच्या गठ्ठ्यात तिचं आईला पत्र आलं. तिची आई, गोदाकाकी, मराठी वाचायची, पण इंग्रजी अक्षरांपुढे तिचा इलाज नव्हता. ती यायची, समोरच्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, “वाच बाबा.” निलाने आईला काही सांगितलेलं नव्हतं, हे काकीच्या वागण्यावरूनच मला कळत होतं.

मी वाचायचो. निला सगळ्यांची चौकशी करायची. सुमनची म्हैस व्यायली का, तात्यांचा गुडघा कसा आहे, शेजारच्या धाकट्याची नोकरी झाली का. माझ्या आईची, माझ्या भावाची, अगदी आमच्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी. माझं नाव नाही. पहिल्या पत्रात नाही, दुसऱ्यात नाही, पाचव्यातही नाही. दर वेळी मी छापायच्या आधी ते पत्र तीन-तीनदा वाचायचो आणि मग काकीपुढे घेऊन बसायचो. मला तिची इतकी आठवण यायची, की त्या यादीत कुत्र्याच्या नंतर जरी माझं नाव आलं असतं, तरी मी उपाशी माणसासारखा ते खाल्लं असतं.

सहाव्या पत्राला माझा धीर सुटला.

“‘...आणि जयवंता कसा आहे? त्याला विचारलंय म्हणून सांग,’” मी वाचलं.

कागदावर तसं काही नव्हतं.

“असं लिवलंय?” गोदाकाकीचा चेहरा खुलला. “बघ हां, विसरली नाय तुला. मग माझ्याकडून लिव तिला. जयवंताची चौकशी केलीस, त्याला बरं वाटलं. बरा हाय तो.”

मी टाइप केलं. ती ओळ खोडणं माझ्या हातात होतं, काकीला कुठे कळणार होतं! आणि ती ओळ गेली की माझा खोटेपणा निलापुढे उघडा पडणार, हे मला दिसत होतं. तरी मी ती पाठवली. माझं नाव तिच्यापर्यंत जाईल, तिचे डोळे एकदा त्यावरून फिरतील, एवढ्यासाठी पाठवली.

उत्तर आठ दिवसांनी आलं. त्या दिवशी नेमकी काकी आधीच येऊन बसली होती, त्यामुळे मला ते आधी वाचायला मिळालं नाही. छापलेला कागद हातात घेऊन मी सुरुवात केली. हवा, जेवण, कुठलं बंदर. मग पुढची ओळ बघून मी थांबलो.

“काय झालं रे? काय लिवलंय?”

काही क्षण माझ्या मनात दुसरी ओळ तयार होत होती. मग मी कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं.

“‘आई, मी जयवंताची चौकशी केली नव्हती. तसं काही मी लिहिलंच नव्हतं. पण तो बरा आहे ना, बरं झालं. त्याला सांग, लिहिलंय तेवढंच वाच.’”

गोदाकाकी माझ्याकडे बघत राहिली. म्हातारी काही विचारेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. तिने फक्त पुढे होऊन माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

“आता काय कळवू तिला?” ती म्हणाली.

“कळवा,” मी म्हणालो, “वाचलं म्हणून.”

निलाच्या पत्रांत माझं नाव आलं ते तेवढंच एकदा. तो कागद गोदाकाकी घडी करून घरी घेऊन गेली.